विचारायचं राहून गेलं

१९९९-२००० या शैक्षणिक वर्षाचा आमच्या नेतृत्व केंद्राचा वार्षिक अहवाल मीच लिहिला होता. कारगिल निधी, जवानांसाठी वस्तू संकलन, भव्य रक्तदान शिबिर, सैनिक कुटुंबांचा सन्मान, राष्ट्रीय एकात्मता फेरी अशी ठळक शीर्षकं, आणि प्रत्येकाखाली फोटो नाहीतर वर्तमानपत्राचं कात्रण. अहवालाचं कौतुक झालं. पुढं काही वर्षं इतर महाविद्यालयांतले कार्यक्रम अधिकारी तो नमुना म्हणून मागून नेत. त्यात खोटं म्हणावं असं एकच वाक्य आहे, ते हिशेबाचं. त्याकडे मी येईनच. बाकी सगळं घडलं तसंच लिहिलं आहे. फक्त त्या प्रत्येक शीर्षकामागं माझ्या हातून काय चुकलं, ते त्यात नाही.

ते आता लिहिण्याचं कारण मे २०२५. ७ ते १० तारखेच्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येत राहिले. त्यांतले काही आज स्वतः प्राध्यापक आहेत, कुणाकडे राष्ट्रीय सेवा योजनेचं काम आहे. सगळ्यांचं एकच म्हणणं: ‘मॅडम, कारगिलच्या वेळी आपण केलं होतं, तसं काहीतरी उभं करू या.’ त्यांना तो अहवाल आठवत होता. मला ते वर्ष आठवत होतं.

सोलापूरची महाविद्यालयं तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळायला २००४ साल उजाडलं. आमच्या महाविद्यालयातलं केंद्र म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं, एनसीसीचे काही छात्र आणि वर्गप्रतिनिधी यांना एकत्र आणून चालवलेला वर्षभराचा वर्ग. मी इतिहास शिकवायची आणि केंद्राचं काम बघायची. आमचं वर्ष ठरलेलं असे. जूनमध्ये मुलांची निवड, पावसाळ्यात झाडं, दिवाळीनंतर खेड्यातलं शिबिर. आणि या सगळ्याच्या खाली, रोज संध्याकाळी, पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांचा साक्षरता वर्ग. तो वर्ग म्हणजे केंद्राचा कणा होता. मुलं भाषण करायला कुठंही शिकली असती. समोरच्या बाईला वेलांटी का कळत नाही याचा विचार करायला ती तिथंच शिकत.

१९९९ च्या मे महिन्यात कारगिलच्या डोंगरांत घुसखोर ठाण मांडून बसल्याचं उघड झालं. २६ मेला हवाई हल्ले सुरू झाले. १३ जूनला तोलोलिंग ताब्यात आलं, ४ जुलैला टायगर हिल. आमचं महाविद्यालय जूनच्या मध्यावर उघडलं तेव्हा मुलं आली तीच पेटून आली होती. युद्ध घरातल्या टीव्हीवर दिसत होतं. तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव येताना दिसत होत्या. वर्गात शिकवताना माझाही आवाज भरून यायचा. काहीतरी केलंच पाहिजे, हे मुलांना वाटत होतं त्याहून जास्त मला वाटत होतं. आजही त्या वाटण्यात काही चूक होती असं मी म्हणणार नाही. चूक त्यानंतर सुरू झाली. काय करायचं, हे आम्ही आमच्या खोलीत बसून, आमच्या आमच्यात ठरवलं.

पहिला निर्णय चादरींचा. सोलापुरात जवानांसाठी काही द्यायचं म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? मुलं अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत फिरली, पूर्व भागातल्या कारखान्यांत फिरली. एकाही यंत्रमागवाल्यानं नाही म्हटलं नाही. ज्याच्याकडे चारच माग होते, त्यानंही दोन-दोन चादरी बांधून दिल्या. माग चालवणाऱ्या कामगारांनी हप्त्याच्या पगारातून पैसे काढून टॉवेल विकत घेऊन दिले. लोणची आली, बिस्किटं आली, शेंगाचटणीचे डबे आले. केंद्राची खोली छतापर्यंत भरली. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येऊन गेला.

मग पाठवायचं कसं, हे विचारायला मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथं बसलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. आणि मग फार सावकाश, मला वाईट वाटू नये अशा बेतानं सांगितलं. टायगर हिल समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरवर आहे. तिथं सुती चादर पांघरून माणूस जगत नाही. तिथले कपडे वेगळे, जोडे वेगळे, अन्न वेगळं, आणि ते कोणत्या मार्गानं वर जायचं हे सैन्यानं ठरवलेलं असतं. आपण पाठवलेलं खोकं त्या वाटेवरच्या गाडीत जागा अडवतं. द्यायचंच असेल तर धनाकर्ष काढा, राष्ट्रीय संरक्षण निधीला पाठवा, ध्वजदिन निधीला द्या. त्यातून जखमींचं, विधवांचं काम होतं. ‘मॅडम, आधी आला असता तर सांगितलं असतं,’ एवढंच ते म्हणाले.

कार्यालय आमच्या महाविद्यालयापासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर होतं. जून महिन्यात एकदा जाऊन आले असते तर पुरे होतं.

परत येऊन मी मुलांना हे सांगायला हवं होतं. आपलं चुकलं, आता या चादरी ज्यांनी दिल्या त्यांना विचारून दुसरीकडे देऊ, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, ‘व्यवस्था होते आहे, थांबू या.’ मुलांचा उत्साह मोडेल ही सबब मी स्वतःला दिली. खरी गोष्ट ही, की मला माझ्याच मुलांसमोर तोंड पाडायचं नव्हतं. चादरी खोलीतच राहिल्या. सोलापूरचा पाऊस जून-जुलैत तोंडदेखला येतो आणि खरा पडतो तो सप्टेंबरात. त्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका एकदम लागल्या होत्या. आम्ही शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीवर आणि खोलीला कुलूप. कुलूप उघडलं तेव्हा कोपऱ्यातलं छत गळून खालचे गठ्ठे कुजले होते. वरच्यांना कुबट वास लागला होता, डब्यांवर उंदीर फिरले होते. जे वाचलं ते आम्ही इकडंतिकडं वाटून खोली मोकळी केली.

आणि २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. लाखो लोक उघड्यावर होते आणि तिथं पांघरूण हवं होतं, साधं, सुती, धुता येईल असं. सोलापूरची चादर हवी होती. मुलं पुन्हा यंत्रमागवाल्यांकडे गेली. त्यांनी विचारलं, ‘आधीच्या पोचल्या का?’ मुलांकडे उत्तर नव्हतं, कारण मी त्यांना उत्तर दिलं नव्हतं. त्या वेळी आमच्या केंद्रातून ओडिशाला जे गेलं ते सांगण्यासारखं नाही. अहवालात मी वादळाचा उल्लेख केला नाही.

रक्तदानाचं थोडक्यात सांगते. रक्तपेढीच्या तंत्रज्ञ बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की सगळ्या मुलांना एकाच दिवशी उभं करू नका. रक्त पस्तीस दिवसांच्या वर टिकत नाही आणि एकदा दिलं की पुढं तीन महिने त्या मुलाचं रक्त घेता येत नाही. यादी करा, थोडे थोडे पाठवा. सैन्याची रक्ताची स्वतंत्र व्यवस्था असते, इथलं रक्त कारगिलला जाणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण मला मोठा आकडा हवा होता. आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसात सगळ्यांचं रक्त दिलं. सप्टेंबरात आमच्याच केंद्रातल्या एका मुलाची बहीण बाळंतपणात अडली. तिला रक्त लागलं तेव्हा तो मुलगा आमच्या दात्यांच्या घरोघर फिरला, आणि त्यातल्या एकाचंही रक्त चालणार नव्हतं. रक्त बाहेरून मिळालं, बहीण वाचली. त्या मुलानं मला काही बोलून दाखवलं नाही. मी मात्र त्या तंत्रज्ञ बाईंना पुढं कधी नीट तोंड दाखवू शकले नाही.

सैनिक कुटुंबांच्या सन्मानाचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

जिल्ह्यातल्या ज्या घरातला मुलगा त्या वेळी आघाडीवर आहे, अशा घरी जाऊन आईवडिलांचा सत्कार करायचा, अशी ती कल्पना. एका विद्यार्थ्यानं त्याच्या शेजारच्या गावातल्या घराचा पत्ता आणला. भीमेच्या काठचं गाव. कळवू नका, अचानक जाऊ, त्यांना आनंदाचा धक्का देऊ, असं मीच म्हटलं. रविवारी सकाळी आम्ही एका संस्थेकडून मागून आणलेल्या जीपमधून निघालो. मागे एनसीसीचे छात्र, इस्त्री केलेल्या खाकी गणवेशात, डोक्यावर टोपी. एकाच्या मांडीवर हारांची पेटी. पुढं मी, मांडीवर नारळ आणि साडी-खण.

गावात जीप शिरली आणि पारावरची माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, मान म्हणून उठली. पोरं पुढं पळत सुटली, ‘मिल्ट्रीची गाडी आली, मिल्ट्रीची गाडी आली.’ घर सापडलं. घरात एक म्हातारे आणि एक सून. सुनेनं उंबऱ्यातून खाकी कपडे पाहिले, हारांची पेटी पाहिली, आणि ती आत वळून भिंतीला टेकून खाली बसली. म्हाताऱ्यांनी आम्हाला ‘या’ सुद्धा म्हटलं नाही. कोणीतरी रानात धावलं होतं. मुलाची आई खुरपायला गेलेली. ती आली ती पळत आली, हातात खुरपं तसंच, पदर खांद्यावरून खाली आलेला. अंगणात येऊन तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मातीत बसली. तिनं कोणालाही काहीही विचारलं नाही. मागून सारं गाव आलेलं. एका म्हातारीनं गळा काढला.

मला कळायला वेळ लागला. त्या महिन्यांत खेड्यात खाकी कपड्यातली माणसं, गाडी आणि हार एकत्र आले की त्याचा एकच अर्थ होता. तो टीव्हीवर साऱ्या देशानं पाहिला होता, मीही पाहिला होता.

आमच्यातला मोठा छात्र पुढं झाला, तिच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, ‘मावशी, तसं काही नाही हो. आम्ही कॉलेजातून आलोय.’ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मंग त्यो बरा हाय न्हवं?’

त्या पोरानं माझ्याकडे पाहिलं. कारण तो बरा आहे की नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही त्याची चौकशीही केली नव्हती. आम्हाला फक्त घराचा पत्ता माहीत होता. ‘आमच्याकडे काही बातमी नाही’ एवढंच आम्ही म्हणू शकलो. त्यानं तिचं समाधान व्हावं तरी कसं? सुनेनं कोनाड्यातून पत्र्याचा डबा काढला. त्यात निळी आंतरदेशीय पत्रं होती, प्रत्येकावर तोच पत्ता, ५६ ए.पी.ओ. सगळ्यात वरचं पत्र बरेच आठवडे जुनं होतं. त्यांनी ते मला वाचायला दिलं, जणू आम्हाला त्यातून काही जास्त कळेल.

आणि त्यानंतरही आम्ही सत्कार केला. हार घातले, नारळ दिला, ओटी भरली, फोटो काढला. तो फोटो अहवालात आहे. नीट पाहिलं तर त्या बाईच्या डाव्या हातात खुरपं दिसतं. ते बाजूला ठेवायचं भान तिला नव्हतं, आणि ते घेऊन बाजूला ठेवावं हे आम्हा कुणाला सुचलं नाही.

निघताना म्हातारे जीपपर्यंत आले. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. जमिनीच्या फेरफाराचं काम तहसिलात अडलं होतं, मुलगा सुट्टीवर आला की खेटे घालायचा, आता तो नव्हता. ‘एवढं बघा बाई, आलाच हायसा तर,’ म्हणाले. त्या घराला खरोखर काय हवं होतं, ते आम्ही न विचारताच त्यांनी माझ्या हातात ठेवलं होतं. मी कागद घेतला. बघते म्हणाले. सोमवारी तो फाईलला लावला, आणि मार्चमध्ये अहवालासाठी फाईल उघडली तेव्हा तो तिथंच होता. मग मी त्या गावाला गेले. काम मधल्या काळात जावयानं करून दिलं होतं. मुलगा सुखरूप होता, सुट्टीवर येऊन गेला होता. म्हाताऱ्यांनी मला चहा पाजला आणि कागदाचा विषय काढला नाही. तो मलाच काढावा लागला.

एकात्मता फेरीबद्दल लिहायला मला सगळ्यांत जड जातं. फेरी चार हुतात्मा पुतळ्यांपाशी संपणार होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. मी इतिहासाची शिक्षक. हे मी दर वर्षी शिकवत असे. आमच्या केंद्रात एक मुस्लिम मुलगा होता, ध्वनिक्षेपकाचं काम अत्यंत मन लावून करणारा. बोलायला बुजरा. आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं, की उद्या पहिलं भाषण तू करायचं. त्यानं विचारलं, ‘मॅडम, मीच का?’ मी म्हटलं, ‘तुझं बोलणं लोकांपर्यंत पोचेल.’ त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याला कारण कळलं होतं आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं. बाकी कोणत्याही मुलाला देशप्रेम जाहीर करून दाखवायला मी सांगितलं नव्हतं. तो बोलला. टाळ्या पडल्या. मी धन्यता मानली. ऑगस्टपासून तो केंद्रात यायचा थांबला. नोंदवहीत मी ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलं.

बऱ्याच वर्षांनी तो भेटला तेव्हा मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘मॅडम, त्या दिवशी मी बोललो ते सगळं मनापासून होतं. पण मला ते माझ्या मनानं बोलायचं होतं.’ ज्या चौकात कुर्बान हुसेन उभे आहेत त्याच चौकात मी एका पोराकडून दाखला मागितला होता. याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही. हा अन्याय होता आणि तो मी केला.

आता हिशेबाचं वाक्य. अहवालात मी लिहिलं आहे, ‘निधीचा हिशेब चोख ठेवण्यात आला.’ पावतीपुस्तकं वाटताना मी कोणाकडे कोणतं दिलं याची सही घेतली नव्हती, घाईत होते. शेवटी एक पुस्तक कमी आलं आणि रक्कम जुळेना. केंद्रातली एक मुलगी हिशेब लिहायची. आई विड्या वळणारी, घरात तेलुगू, मराठी शाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. तिनं ते ताळ्यावर आणायला दोन-तीनदा सगळं पुन्हा मोजलं आणि मला सांगितलं. मी फरकाची रक्कम माझ्या पगारातून भरली आणि तिला म्हटलं, ‘झालं, जुळलं. आता विषय वाढवू नको.’ मला त्या वेळी हा त्याग वाटला होता. ती म्हणाली, ‘मॅडम, पैसे भरल्यानं पुस्तक कुठं गेलं ते कसं कळणार?’ मी तिला गप्प बसवलं. विषय मी झाकला, म्हणून तो कुजबुजीत गेला. ज्या मुलाकडे शेवटचं पुस्तक होतं असा मुलांचा समज होता, त्याच्याकडे सगळे संशयानं बघू लागले. वर्ष संपता संपता ते पुस्तक माझ्याच टेबलाच्या मागे, भिंतीच्या फटीत पडलेलं सापडलं. कोरं होतं. म्हणजे रकमेतला फरक वेगळाच, कुठंतरी बेरीज चुकलेली. ती मुलगी पुन्हा मोजायला तयार होती. मी तिला मोजू दिलं असतं तर जुलैतच सगळं उघड झालं असतं. ज्याच्यावर संशय गेला त्या मुलाला मी वर्गासमोर बोलावून सगळं सांगितलं खरं, पण तोवर त्याची परीक्षा आली होती आणि तो केंद्रातून मनानं कधीच निघून गेला होता.

त्या वर्षीच्या ‘उत्कृष्ट नेतृत्वा’चा चषक आम्ही फेरीत सर्वांत चांगलं भाषण करणाऱ्याला दिला. हिशेब लिहिणाऱ्या मुलीचं नाव माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी दर ९ डिसेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, केंद्रात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर बोलत असे. सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारला. युद्धात सोलापूरनं जगाला काय दिलं, याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही. पण ती गोष्ट सांगताना मी दर वर्षी त्याग, समर्पण, बलिदान यावर भर द्यायची आणि मुख्य धागा सोडून द्यायची. जपानशी लढणाऱ्या चीनच्या बाजूनं सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली होती. मागणी आली, मग काँग्रेसनं पैसा उभा केला, आणि अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी हे पाच डॉक्टर गेले. जे मागितलं तेच पाठवलं. कोटणीस तिथं चिनी भाषा शिकले, कारण जखमी माणूस काय म्हणतो ते दुभाष्याशिवाय कळायला हवं. शस्त्रक्रिया केल्या, मुलांना शिकवलं, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली. त्यांना गोळी लागली नव्हती. कामाचा अतोनात ताण आणि अपस्माराचे झटके यांनी ते गेले. १९९९ च्या डिसेंबरातही मी हे भाषण केलं. ओडिशाच्या वादळाला सहा आठवडे झाले होते, आणि भाषण करताना मला आमची चादरींची खोली आठवली नाही.

साक्षरता वर्गाकडे येते, कारण माझ्या मते त्या वर्षाचं सर्वांत मोठं नुकसान तिथं झालं. जूनच्या शेवटी मी तो ‘तात्पुरता’ बंद केला. सगळी मुलं निधीच्या कामात लागली होती. निधी मागत आम्ही त्याच गल्ल्यांत फिरलो. एका घराच्या ओट्यावर आमची एक विद्यार्थिनी बाई सूप मांडीवर घेऊन बसली होती. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. तिनं हात न थांबवता, पानाची सुरळी करून, टोक दुमडून, दोरा गुंडाळून विडी सुपात टाकली. मग कनवटीचं सोडून पैसे काढले आणि आमच्या डब्यात घातले. हजार विड्या वळल्यावर मजुरी मिळणारी बाई ती. पैसे टाकून झाल्यावर म्हणाली, ‘बाई, वर्ग परत कधी चालू करायलाव?’ मी म्हटलं, ‘युद्ध संपलं की लगेच.’

२६ जुलैला युद्ध संपलं. आपले ५२७ जवान गेले. ऑगस्टात आमचे सत्काराचे कार्यक्रम होते, सप्टेंबरात निवडणूक, ऑक्टोबरात सहामाही, मग शिबिर. वर्ग पुन्हा भरला तेव्हा निम्म्या बायका आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांना मागचं बरंचसं विसरायला झालं होतं. पुढच्या जूनपर्यंत तो बंदच पडला. डब्यात पैसे टाकणारी ती बाई सही करायला शिकली होती, वाचायला नाही. विडी कामगारांचं मजुरीचं पुस्तक असतं, ते तिला स्वतः वाचायचं होतं. यासाठी ती वर्गात आली होती.

राष्ट्रीय सेवा योजना कशासाठी निघाली, हे मला माहीत होतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर महाविद्यालयांतल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली, १९६८ मध्ये ती सक्ती गेली, आणि १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सदतीस विद्यापीठांत सेवा योजना सुरू झाली. कवायतीखेरीज समाजात जाऊन करण्याचंही एक काम असतं आणि तेही देशाचंच असतं, हे मान्य झालं म्हणून. आमच्या शिवाजी विद्यापीठाचं उद्‌घाटनच मुळी १८ नोव्हेंबर १९६२ ला झालेलं, ते युद्ध चालू असताना. युद्ध चालू आहे म्हणून विद्यापीठ पुढं ढकललं गेलं नाही. मी मात्र चाळीस-पन्नास बायकांचा वर्ग पुढं ढकलला.

मे २०२५ मध्ये ज्यांनी फोन केले त्यांना मी हे सगळं एवढ्या तपशिलात सांगू शकले नाही. फोनवर एवढंच म्हटलं, आज काही उभं करू नका, आधी विचारा. त्यातल्या एकीला ते थंडपणाचं वाटलं, तिच्या आवाजावरून कळलं. तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना माझं म्हणणं नीट पोचावं म्हणून हे लिहिलं आहे. मुलांच्या छातीत जे पेटतं ते विझवू नका. ते पेटलेलं असताना त्यांना कुणाच्या दारात न कळवता नेऊ नका, कुणाला देशप्रेमाचा पुरावा मागू नका, आणि पैशाचा हिशेब न जुळला तर तो न जुळलेलाच फलकावर लावा.

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून दर ७ डिसेंबरला असतो. त्याची वाट बघू नका. आता तोफा थंड आहेत, तेव्हाच तुमच्या केंद्रातल्या दोन मुलांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवा. जिल्ह्यातल्या कोणत्या सैनिक घरांची कोणती कामं अडली आहेत ते विचारून, लिहून आणायला सांगा, आणि त्या घरी जाण्याआधी त्यांना तसं कळवा. बरोबर हार नेऊ नका. तहसिलातल्या कामाचे अर्ज न्या. आणि तुमचा संध्याकाळचा जो काही वर्ग चालू असेल, तो कोणत्याही कारणानं एक दिवसही बंद ठेवू नका.